निफाडच्या शेडमधली आजोबांची ४०७: पाना हातात घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागेवरची टाटा ४०७, आजोबांनी १९९२ साली घेतलेली. आजोबा गेल्यापासून सात-आठ वर्षं ती शेडमध्ये उभी आहे. नातवाला ती स्वतःच्या हाताने पुन्हा रस्त्यावर आणायची आहे, पण ट्रॅक्टरचं तेल बदलण्यापलीकडे अनुभव नाही. आधी इंजिन उतरवू का, सगळी गाडी खोलून रंगापर्यंत एकदमच करू का, आणि खर्च किती येईल, असं त्याने विचारलं आहे.

सगळी गाडी खोलू नका. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं लक्षात ठेवा. मी डिझेल गाड्यांच्या कामात आयुष्य काढलं आहे. हौसेने सुरू केलेल्या जुन्या गाड्या कुठे अडतात ते मी पाहत आलोय. केबिन एका कोपऱ्यात, इंजिन ताडपत्रीवर, नटबोल्ट खताच्या गोणीत एकत्र, आणि मग छाटणी आली म्हणून काम थांबलं. पुढच्या हंगामापर्यंत कुठला बोल्ट कुठला हे कुणालाच आठवत नाही आणि गाडी वजनावर भंगारात जाते. म्हणून एका वेळी एकच भाग उघडायचा, तो पूर्ण करायचा, परत बसवायचा, आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. दोन भाग एकदम उघडे राहता कामा नयेत. मेस्त्री सोबत असला तरी हे पाळा.

शिकणाऱ्यासाठी ४०७ हाती लागणं हे भाग्य आहे. १९८६ साली ही गाडी बाजारात आली आणि आजही नव्या रूपात बनते आहे, त्यामुळे सामान तालुक्याच्या गावीही मिळतं. तुमच्या गाडीचं इंजिन चार सिलिंडरचं, ९७ मिमी बोअर आणि १०० मिमी स्ट्रोकचं, २९५६ सीसीचं असणार. त्यात टर्बो नाही, सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं, कानाला ऐकू येतं किंवा हाताला लागतं.

पाना घ्यायच्या आधी कागद. यात माझा आग्रह जास्त आहे, कारण लोक हे शेवटी ठेवतात आणि तयार गाडी दारात उभी राहते. आरसी आजोबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावाने हस्तांतर करावं लागतं. त्यासाठी नमुना ३१, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. वारस म्हणजे वडील आणि काकाच नव्हेत, आत्याही. नियमात यासाठी मृत्यूनंतर तीन महिन्यांची मुदत आहे. तुमची ती केव्हाच टळली आहे, तेव्हा विलंबाचे पैसे धरून चाला. आरसीवर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा राहिला असेल तर कर्ज फेडलेलं असूनही तो आपोआप निघत नाही. बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ देऊन तो काढून घ्या. जुन्या पुस्तकी आरसीची नोंद कधीकधी वाहन पोर्टलवर चढलेलीच नसते. अशा वेळी पेठ रोडच्या आरटीओत जाऊन ती बॅकलॉगमधून चढवून घ्यावी लागते. गाडी उभी असल्याची सूचना त्या वर्षांत दिलेली नसेल तर थकीत कर आणि त्यावरचा दंड विचारून घ्या. हा आकडा कळल्याशिवाय एक रुपयाचंही सामान आणू नका.

४०७ ही मालवाहू गाडी. फिटनेसचा दाखला नसेल तर कायद्याच्या दृष्टीने तिची नोंदणीच वैध धरली जात नाही. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांपुढच्या गाड्यांची फिटनेस फी बरीच वाढली आणि पुढेही वाढत गेली, तेव्हा जाण्याआधी पोर्टलवर ताजी रक्कम बघा. शिवाय पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवी एचएसआरपी नंबरप्लेट हे आहेच. ‘व्हिंटेज’मध्ये नोंद करून यातून सुटू, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. २०२१ च्या नियमानुसार त्यासाठी गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि बिगर-व्यापारी असावी लागते. लायसन्सची काळजी मात्र नको. एकूण वजन ७५०० किलोच्या आत असलेली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं आहे.

आता गाडीकडे. पहिलं काम चेसिसचं. द्राक्षाच्या गाडीचा गंज वेगळा असतो. तुमच्या हौद्यातून वर्षानुवर्षं मोरचूद, गंधक, पोटॅश, युरिया गेला आहे. गोण्या फाटतात, फवारणीचं पाणी सांडतं, ते फळ्यांच्या फटीतून खाली चेसिसवर उतरतं. मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसलं की त्या जागी लोखंड झपाट्याने खातं. पोटॅशमधलं क्लोराइड रंगाखाली शिरतं. त्यावर गोदाकाठची काळी माती. चेसिसची पट्टी पन्हळीसारखी असते. तिच्या आतल्या बाजूला, विशेषतः मागच्या पाट्या (लीफ स्प्रिंग) जिथे टांगलेल्या असतात त्या हँगरजवळ, माती साठते आणि पाऊस गेल्यावरही महिनोन्‌महिने ओल धरून ठेवते. वरून रंग शाबूत दिसतो आणि मागून पत्रा सोललेला असतो.

म्हणून नुसत्या पाण्याने धुऊन समाधान मानू नका. आधी कोरडी माती खरवडून काढा, मग धुवा, दोन दिवस उन्हात वाळू द्या, आणि मग तार ब्रश मारून लहान हातोडीने टकटक करत चेसिसच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. निरोगी लोखंड खणखणीत वाजतं, खाल्लेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं तिथे खडूने खूण करा. रिव्हेटभोवती लालसर भुकटीची रेघ दिसली तर तो रिव्हेट हलतोय. हँगरच्या कोपऱ्यातून आणि क्रॉस मेंबरच्या (आडव्या पट्टीच्या) जोडापासून निघणारी केसासारखी बारीक रेघ ही तड असते. ती रेघ नुसतं वेल्डिंग मारून बुजवणारा माणूस टाळा. तडीच्या टोकाला भोक पाडून ती थांबवायची, मग भरायची आणि आतून पट्टी द्यायची. पट्टीचीही टोकं तिरकी कापायची, नाहीतर चेसिस पट्टीच्या कडेला पुन्हा तुटते. हे काम सवयीच्या वेल्डरचं आहे, तुम्ही शेजारी उभं राहून बघा. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा आणि डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवा.

चेसिसवरचा ठोकलेला नंबर शोधा. ग्राइंडर लागण्याआधी, वेल्डिंगआधी, रंगाआधी. माती पुसा, हलक्या हाताने साफ करा, कागद ठेवून पेन्सिलने त्याची छाप घ्या आणि आरसीवरच्या नंबराशी अक्षर न्‌ अक्षर ताडून बघा. इंजिन नंबरही बघा. पूर्वी कधी इंजिन बदललं असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर ते आताच कळलेलं बरं. ग्राइंडरखाली नंबर पुसट झालेली गाडी पास करून घेणं हा मोठा मनस्ताप असतो.

गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच जाऊ नका, दोन मिनिटांसाठीही नाही. पक्क्या जमिनीवर लोखंडी स्टँड लावा, उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि मगच आत शिरा. शेडची जमीन मातीची असेल तर स्टँडखाली जाड फळी हवी.

दुसरं काम ब्रेकचं, इंजिनच्या आधी. इंजिन सुरू झालं की घरातलं कुणीतरी गाडी अंगणाबाहेर काढणारच, तेव्हा ती थांबली पाहिजे. तुमच्या गाडीला चारही बाजूंना ड्रम आणि व्हॅक्यूम बूस्टरची हायड्रॉलिक सिस्टिम आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. इतकी वर्षं उभ्या गाडीत मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडर आतून गंजलेले असतात. बोअरमध्ये बोट फिरवा. नखाला खड्डा लागला तर रबर किट घालण्यात अर्थ नाही, नवीन सिलिंडरच आणा. रबरी होज सगळे बदला. लोखंडी पाइप क्लिपाखाली गंजतात, तिथली क्लिप उघडून बघा. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा आणि नाकाला मास्क बांधा. ब्रेकच्या कुठल्याही रबराला डिझेल, इंजिन ऑइल किंवा ग्रीस लागू देऊ नका, रबर फुगून ब्रेक जाम होतो. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करून जवळ या.

चाकं काढताना डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे आहेत का ते बघा. स्टडच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ असेल तर उलटे. हे न बघता पाइप लावून जोर केला की स्टड तुटतो.

ब्रेकसोबतच पुढच्या ॲक्सलची किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या पिनेभोवती वळतं ती, बघून घ्या. चाक उचलून वर-खाली हलवा. खेळ दिसला तर आधी व्हील बेअरिंग, मग किंगपिन बुश. टाय रॉडचे एंड, पाट्यांच्या पिना आणि शॅकल बुश हेही याच वेळी बघा. ग्रीसच्या निपलमध्ये माती सुकून दगड झालेली असते. निपल काढून आतली वाट मोकळी करा. वरून ग्रीस गन मारून सगळं ग्रीस बाहेरच सांडत असेल तर पिनेपर्यंत थेंबही पोहोचलेला नाही.

आता इंजिन. उतरवू नका. जागेवरच पारखा, कदाचित उतरवावं लागणारच नाही. ओढून, ढकलून किंवा जंप देऊन थेट सुरू करायचा प्रयत्नही नको. डिपस्टिक काढा. तेल चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, तिथेच थांबा आणि हेड उघडायची तयारी करा. तेल फक्त काळं असेल तर ते आणि फिल्टर बदला.

मग चारही नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, काढा. नोझलखाली तांब्याचा वॉशर असतो. तो बहुतेक वेळा नोझलसोबत येत नाही, हेडच्या भोकातच चिकटून बसतो. टॉर्च मारून आत बघा आणि आकड्याने काढा. जुन्यावरच नवा वॉशर बसवला तर नोझल वर राहतं, फवारा भलत्या जागी पडतो, धूर होतो, आणि लोक उगाच डिझेल पंपाला दोष देत बसतात. नोझलच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण सोडा आणि एक-दोन दिवस तसंच राहू द्या. त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. फिरलं तर पूर्ण दोन फेरे द्या. अडलं तर लांब पाइप लावून जबरदस्ती करू नका. पुन्हा मिश्रण सोडा आणि थांबा. घाईने कनेक्टिंग रॉड वाकतो.

नोझल आणि पंप बेंचवर तपासून घ्या. याबाबतीत नाशिकसारखं गाव नाही. मायकोचा, म्हणजे आताच्या बॉशचा, इथला कारखाना नोझल आणि इंजेक्टरचाच, त्यामुळे या कामातला जाणता माणूस शोधायला मुंबईला जायची गरज नाही. पंप स्वतः उघडू नका. त्यातले भाग इतके बारीक बसवलेले असतात की शेडमधली धूळही त्यांना जड जाते.

पंपाबाबत एक गोष्ट मात्र तुम्हीच बघायची आहे, आणि ती जिवाची आहे. इतकी वर्षं उभ्या गाडीत पंपाचा रॅक, म्हणजे किती डिझेल जायचं ते ठरवणारी दांडी, आत चिकटून बसतो. तो जास्त डिझेलच्या स्थितीत अडकला असेल तर इंजिन सुरू होताच वेग वाढत जातो, चावी बंद करून थांबत नाही आणि काही सेकंदांत स्वतःला फोडून घेतं. म्हणून पहिल्यांदा सुरू करण्याआधी पंपावरचा स्टॉप लिव्हर (इंजिन बंद करणारा) हाताने हलवून तो मोकळा जातो-येतो याची खात्री करा. एअर फिल्टरचा पाइप काढून ठेवा आणि एक जाड सपाट फळी हातात घेऊन एक माणूस हवेच्या तोंडापाशी उभा करा. इंजिन पळत सुटलं तर फळीने हवा बंद करायची. हात नाही, फडकंही नाही, दोन्ही आत ओढले जातात.

टाकीतलं जुनं डिझेल वापरू नका. तळाला पाणी आणि काळा चिकट गाळ असतो. टाकी निवांत साफ करा. पहिल्या सुरुवातीला स्वच्छ कॅनमधून ताजं डिझेल थेट फीड पंपाला द्या. नवे फिल्टर बसवा, प्रायमिंग पंपाने हवा काढा. स्टॉप लिव्हर ओढून धरून सेल्फ मारा, म्हणजे इंजिन पेटण्याआधी तेल वरपर्यंत पोहोचेल. मग लिव्हर सोडा. सुरू झाल्यावर दहा-पंधरा सेकंदांत ऑइलचं प्रेशर दिसलं नाही तर लगेच बंद करा.

सुरुवातीचा पांढरा धूर घाबरण्यासारखा नाही. गरम झाल्यावरही तो राहिला तर नोझल, टायमिंग किंवा कॉम्प्रेशनकडे बघा, आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. तेल भरायचं झाकण चालू इंजिनवर उघडून बघा. फक फक करत जोराचा वाफारा येत असेल तर रिंगा-लायनर गेले आहेत. तेव्हा, आणि तेव्हाच, इंजिन उतरवायचा विचार करा. मात्र बंद पडलेल्या रिंगा थोडं चालवल्यावर मोकळ्या होतात, म्हणून पहिल्याच दिवशी निकाल देऊ नका.

रेडिएटर आतून क्षाराने भरलेला असतो, कारण आपल्याकडे वर्षानुवर्षं बोअरचंच पाणी घातलं जातं. साफ करून घ्या आणि यापुढे डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच घाला. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती मान्य नाही. थंड चालणारं डिझेल इंजिन जास्त झिजतं आणि जास्त पितं. तापत असेल तर कारण शोधा.

वायरिंग १२ व्होल्टची आणि साधी आहे. उंदरांनी कुरतडलेली असेल तर सांधत बसू नका, पूर्ण नवा हार्नेस टाका. चेसिस आणि इंजिनची अर्थ घासून साफ केलीत तर निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. टायर नक्षीवरून पारखू नका. कडेला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तुमचे टायर दिसायला चांगले असतील, पण रबर मेलेलं असणार, सहा अधिक स्टेपनी बदलावेच लागतील. रिंगवाली डिस्क असेल तर हवा भरताना टायरवाल्याकडेच भरा आणि समोर उभं राहू नका.

हौदा आणि रंग सर्वांत शेवटी. पत्र्याचं आणि रंगाचं काम दसऱ्यानंतर काढा, पावसाळी हवेत घासलेल्या लोखंडावर काही तासांत गंज चढतो. घासलं त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे. कुजलेला पत्रा कापून नवा जोडा. वरून लांबी (पुट्टी) भरून सपाट केलेली केबिन दोन पावसाळ्यांत फुगते. हौद्याच्या फळ्या काढल्यात तर बसवताना खालच्या बाजूलाही तेल किंवा रंग द्या, आणि फळी व लोखंड यांच्यामध्ये रबराची पट्टी टाका, म्हणजे खताचं पाणी तिथे अडकणार नाही. पुढे खत-औषध वाहायचंच असेल तर हौद्यात जाड ताडपत्री अंथरा आणि त्याच दिवशी धुऊन काढा. रंग मूळचाच ठेवा. रंग किंवा हौद्याचा आकार बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते.

केबिनवर आणि फाळक्यावर पेंटरने हाताने लिहिलेलं काही असेल, आजोबांचं नाव, गावाचं नाव, ‘सप्तशृंगी माता प्रसन्न’, तर घासण्याआधी उजेडात सरळ समोरून फोटो काढा आणि बटर पेपरवर अक्षरं उतरवून घ्या. शक्य असेल तर तेवढा भाग झाकून भोवतीच रंग द्या. ती अक्षरं लिहिणारे हात आता फार थोडे उरलेत. ‘हॉर्न ओके प्लीज’ मात्र परत लिहू नका. राज्यात २०१५ पासून त्याला बंदी आहे आणि पासिंगला विनाकारण प्रश्न निघतो.

खर्चाचा आकडा गाडी न पाहता मी सांगणार नाही, कारण सगळं इंजिनवर अवलंबून आहे. रिंगा-लायनर, क्रँक ग्राइंडिंग आणि हेडचं काम निघालं तर तोच सर्वांत मोठा खर्च. ते निघालं नाही तर खर्चात टायर पहिले, मग पत्रा-रंग, मग ब्रेक. कागदांचा खर्च यात धरलेला नाही, तो आधीच काढून बाजूला ठेवायचा आहे. ब्रेक, किंगपिन, होज, बेअरिंग आणि ऑइल सील यांत भंगार बाजारातलं सामान घेऊ नका. दरवाजे, काचेच्या चौकटी, बंपर, सीटचा सांगाडा हे जुनं चालतं, कधी कधी नव्यापेक्षा पत्रा जाड निघतो.

गाडी चालू झाल्यावर आधी बागेतल्या रस्त्यावर, रिकामी, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालवा. ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढते का बघा. पहिल्या फेऱ्यांनंतर ड्रमला हात जवळ नेऊन बघा, एखादा बाकीच्यांपेक्षा फार तापला असेल तर तो चाक धरतोय. चाकांचे नट पन्नास-एक किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. इंजिनचं काम केलं असेल तर पहिले हजारभर किलोमीटर पूर्ण माल भरू नका आणि त्यानंतर तेल बदला. पिंपळगावच्या बाजार समितीपर्यंत अर्ध्या मालाने काही खेपा नीट झाल्या की मग वणीचा घाट, आणि तो उतरताना चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. हेड उघडलं असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप, पुन्हा एकदा तपासायला विसरू नका, गॅस्केट बसल्यावर गॅप बदलतो.